ठेवायला दिलेले उपास

कुमार बेंचवर झोपला तेव्हा थोडा वेळ सगळ्यांना वाटलं, तो मन एकाग्र करतोय.

मग तो घोरायला लागला. अर्थात घोरणं कोणाला ऐकू आलं नाही. निजामपुऱ्यातल्या त्या जिमच्या खाली पॉवरलूमचा कारखाना होता, आणि लूम चालू असताना वर कोणी वारलं असतं तरी खाली ते शुक्रवारीच कळलं असतं. शुक्रवारी लूम बंद असतात. पण घोरणं दिसत होतं. कुमारची छाती संथ वर-खाली होत होती आणि डोक्यावरच्या स्टँडवर लोखंडी बार शांतपणे त्याच्या उठण्याची वाट पाहत होता.

इश्तियाक उस्ताद जवळ आले. ते जिमचे मालक, शिकवणारे आणि झाडू मारणारेही होते. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे. त्यांनी बाटलीतलं पाणी कुमारच्या तोंडावर शिंपडलं.

"मर गया क्या?"

"नाही उस्ताद. डोळा लागला जरा."

"अबे, लोग इधर बॉडी बनाने आते हैं. तू बॉडी डालने आता है."

कुमार अंजूरचा. खाडीकडच्या ज्या शेतात त्याचे आजोबा भात लावत, तिथे आता गोडाऊन आहे, आणि त्याच गोडाऊनमध्ये कुमार फोर्कलिफ्ट चालवतो. म्हणजे घराण्याच्या जमिनीवर राबायची परंपरा त्याने सोडली नाही, फक्त तो बसून राबतो. दिवसभर लोकांचे फ्रीज नि वॉशिंग मशीन यंत्राने उचलायचे आणि संध्याकाळी रिक्षाने निजामपुऱ्यात येऊन स्वतःच्या हाताने असं लोखंड उचलायचं, जे कोणी मागवलेलं नसतं.

तो जिमला वर्षानुवर्षं येत होता. वेळेवर यायचा, कोणाशी भांडायचा नाही, वापरलेल्या डिस्क जागेवर ठेवायचा. अशा माणसाकडे कोणाचंच लक्ष जात नाही. यंदा मात्र उस्तादांनी कोन गावात होणाऱ्या तालुक्याच्या स्पर्धेसाठी त्याचं नाव दिलं. डेडलिफ्टसाठी. जमिनीवरचा बार उचलायचा आणि ताठ उभं राहायचं, एवढंच. कुमारने ही गोष्ट फक्त बायकोला, रीमाला, सांगितली. रीमाने ती फक्त शेजारच्या गुणाबाईंना सांगितली. त्यामुळे संध्याकाळपर्यंत अख्ख्या अंजूरला माहीत झालं आणि माघारीचा रस्ता बंद झाला.

आणि नेमका तेव्हापासून बार पुरता उठेना. गुडघ्यापर्यंत यायचा, मग कुमारच्या डोळ्यांपुढे काजवे यायचे, आणि दोघेही आपापल्या जागी परत बसायचे.

जिममध्ये थकव्यावर प्रत्येकाकडे औषध होतं. एकाने केळी सांगितली, एकाने बीट. एकाने डब्यातली जांभळी पावडर पाण्यात ढवळून पाजली. ती पिऊन कुमार दुसऱ्या दिवशी कामावर गेला आणि त्याने गोडाऊनमधला सगळा माल रंगांप्रमाणे लावून टाकला. दिसायला सुंदर दिसत होतं. मॅनेजर मात्र रडायच्या बेतात आला होता.

"आज क्या खाया?" उस्तादांनी आता स्टूल ओढलं.

"काळा चहा. एक केळं."

"बस?"

"मंगळवार आहे ना."

"और कल?"

"काल सोमवार."

"परसों?"

"परवा रविवार. परवा दुपारीही जेवलो." त्या आठवणीने कुमारचा चेहरा उजळला.

"उसके पहले?"

"शनिवार होता."

उस्तादांनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. "तू खाता कब है?"

"दिवसा? बुधवारी. शुक्रवारी. रविवारी. मध्ये संकष्टी, एकादशी नाही आली तर."

"इतने उपवास? ऐसा कौनसा गुनाह किया तूने?"

"ते माझे नाहीत उस्ताद," कुमार म्हणाला, "घरच्यांचे आहेत."

नेमकी त्याच क्षणी लाइट गेली आणि खालचे लूम थांबले, त्यामुळे हे वाक्य सगळ्या जिमला ऐकू गेलं.

त्याचं असं झालं होतं. कुमारचे आजोबा महादू जन्मभर सोमवार करायचे. ते गेले. तेराव्याला पुरुषमंडळी ओटीवर बसली आणि वाटणी झाली. जमीन दोन मुलांत, केसरीनाथ आणि मोरू यांच्यात गेली. भांडीकुंडी झाली, म्हैस झाली. मग कोणीतरी म्हणालं, आता म्हाताऱ्याच्या सोमवाराचं काय? चालता उपास घरातून जाऊ द्यायचा नसतो, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तो आपण करावा, यावर कोणाचंच नव्हतं. तेवढ्यात दहावीतला कुमार पाणी प्यायला बाहेर आला. "थोरला नातू हाय," त्याचे वडील केसरीनाथ म्हणाले, "याला द्या." कुमारला तहान लागली नसती तर त्याचं आयुष्य वेगळं झालं असतं.

मग घराला सवयच लागली. केसरीनाथांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी उपाशी राहायचं नाही म्हणून बजावलं. त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून, गाडीची चावी द्यावी तसा, आपला गुरुवार कुमारच्या हातात दिला. आईला पित्त झालं, तिची संकष्टी आली. मोरूकाका डोंबिवलीला टॉवरमध्ये राहायला गेले आणि जाताना एकादशी ठेवून गेले. म्हणाले, फ्लॅटमध्ये उपास टिकत नाही. शनिवार मारुतीचा, तो व्यायाम करणाऱ्याला आपोआप चिकटतो. आणि मागच्या उन्हाळ्यात गुणाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्या आपला मंगळवार घेऊन आल्या. "थोडेच दिवस ठेव रं पोरा. बरी झाली की नेते." त्या केव्हाच बऱ्या झाल्या होत्या. मागच्याच आठवड्यात हळदीला त्या बँजोवाल्यांचा ताफा थकेपर्यंत नाचल्या. मंगळवार न्यायचं मात्र राहिलं.

या सगळ्या व्यवहारावर देखरेख आक्काची. आक्का म्हणजे केसरीनाथांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा ती कोनहून माहेरी परत आली आणि घर चालवू लागली. तिच्या आवाजाला हमरस्त्यावरची रिक्षा थांबायची. कुमार कधी कुरकुरला, तर तिचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "एवरं लोखंड उचलतंस, उपास न्हाय उचलवत?" उपासही कडक. काळा चहा, एक केळं, आणि जेवण सूर्य बुडाल्यावर. फक्त सोमवारी तिची नजर जरा सैल असायची, कारण सोमवारी आक्काचं डोकं दुखायचं आणि स्वयंपाकघर रीमाच्या ताब्यात असायचं.

हे सगळं उस्तादांनी अंधारात ऐकून घेतलं.

"रोज़ा हमारे घर में भी सब रखते हैं," ते म्हणाले. "लेकिन अब्बा का अब्बा रखते थे, मेरा मैं रखता हूँ. ट्रान्सफर का सिस्टम नहीं है."

"आमच्यातही नाही," कुमार म्हणाला. "फक्त आमच्या घरात आहे."

"सुन. कॉम्पिटिशन के पहले खाना शुरू कर. नहीं तो मैं तेरा नाम वापस लेता हूँ. बार लेके गिरा तो मैं तेरी आक्का को क्या मुँह दिखाऊँ?"

स्पर्धा दुसऱ्या रविवारी होती. रविवार मोकळा वार, म्हणून कुमार घरी निश्चिंत मनाने आला आणि त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्या रविवारी एकादशी होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सगळे जेवायला बसले. आक्का चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. घरात गॅस होता. आक्काच्या मते तो चहाला ठीक होता. कुमारची तिसरी भाकरी संपली. त्याने उस्तादांनी शिकवलं होतं तसं केलं. पाय जमिनीत रोवले. पाठ सरळ केली. पोटात श्वास भरला.

"आक्का, माझ्यानं हे उपास होत न्हाईत."

थापण्याचा आवाज थांबला.

"काय बोल्लास?"

"जिममध्ये झोप लागली मला. बारखाली."

"मंग घरी झोपावं मानसानं."

"अगं, लोक हसतात. उस्ताद स्पर्धेतनं नाव काढतो बोलले."

केसरीनाथांनी घसा साफ केला. "पन कुमार, डाक्टरनी मना..."

"बाबा, तुमचा गुरुवार मी घेतला तेव्हापास्नं तुम्ही गुरुवारीच सुका जवला खाता. माझ्यासमोर बसून."

"तो माझा मोकला दिवस हाय," केसरीनाथ म्हणाले. ते खरंच होतं.

आक्काने तवा सरळ केला. "एवरं लोखंड उचलतंस..."

"आक्का," वाढता वाढता रीमा म्हणाली. ती कल्याणची, आणि एरवी आक्कापुढे जपून बोलायची. "लोखंड खाली ठेवता येतं."

आईने हातातला घास ताटात ठेवला. आक्काने रीमाकडे पाहिलं, कुमारकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"उपास असा फेकून न्हाय देत," ती म्हणाली. आवाज उतरला होता. "उद्यापन करायला लागतं. देवाला सांगायचं, झालं आमचं, लोकांना जेऊ घालायचं, मंग सुटायचं."

"मग करू की!" रीमा म्हणाली.

"करा. गुरुवार करा, शनवार करा, मोरूची एकादशी करा. गुनाबायचा मंगलवार तिला नेऊन टाका, लग्नात घोड्यासारकी नाचते. सोमवारचं उद्यापन व्हायचं न्हाय."

"का?"

"बापाचा हाय तो."

"बरं," कुमार म्हणाला. एका उपासाचं त्याला काही वाटत नव्हतं. सगळे जाऊन एक राहणं म्हणजे त्याच्या हिशेबी मेजवानीच होती. "सोमवार मी ठेवतो."

"तू का म्हनून ठेवशील?"

हे इतक्या जोरात आलं की बाहेर गुणाबाईंचा कुत्रा भुंकला.

"तेराव्याला बसलात समदे ओटीवर," आक्का चुलीकडे बघत म्हणाली. "जमीन वाटलीत. हक्कसोडचा कागद माझ्याम्होरं ठेवलात, मी सही केली. केली का न्हाय, केसरी?"

"केलीस."

"मी बोल्ले काय? सही केली नि तुमना चाय करून दिली. जमीन काय मना डोक्यावर न्यायची व्हती? पन सोमवार पोराला देऊन टाकलात. मी दारात उभी व्हते. मना कुनी इचारलं?"

केसरीनाथांच्या तोंडात घास होता. तो गिळायचा की नाही, हे त्यांना कळेना.

"आक्का... तुला पायजे व्हता?"

"एवरीशी व्हते तवापास्नं मी करायची बापाबरोबर. दोघं ओट्यावर बसायचो. तांब्या मधी. त्याचं पानी पिऊन झालं की माझं. सासरी गेले, तिकरं बोल्ले, आमच्यात सोमवार न्हाय. परत आले तवा बाप काय बोल्ला? काय न्हाय बोल्ला. सोमवारी तांब्या भरला नि जरा सरकून बसला."

चुलीत काहीतरी तडतडलं.

"आक्का सोमवारी जेवतच नाहीत," रीमा हळूच म्हणाली.

"सोमवारी तिचं डोकं दुखतं," केसरीनाथांनी समजावून सांगितलं.

"इतकी वर्षं? दर सोमवारी?"

केसरीनाथांनी बहिणीकडे पाहिलं. आता त्यांनी घास गिळला. तव्यावरची भाकरी करपली होती. त्या घरात आक्काच्या हातची भाकरी करपायची ही पहिलीच वेळ, आणि ती उलटायचं कोणाला सुचलं नाही.

"घे, आक्का," केसरीनाथ म्हणाले. "तुझाच हाय. कागद करू काय?"

"कागद तुमचे तुमच्याकरं ठेवा," आक्का म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

कुमारला मात्र एक शंका होती. "मग आक्का, बाकीचे सगले मला का दिलेस?"

"म्हनलं, लय हौस न यांना पोराला द्यायची? द्या मंग सगलेच."

उद्यापनाला पुढचा बुधवार धरला, कारण त्या दिवशी कोणाचाच उपास नव्हता. भटजींनी पूजा मांडली, हातात पाणी घेतलं आणि विचारलं, "उद्यापन कोणत्या व्रताचं?"

"गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी," रीमा म्हणाली.

"सगळी यांचीच?"

"केली यांनी. आहेत वेगवेगळ्यांची."

भटजींनी पाणी परत पळीत घेतलं. तीस वर्षांच्या पौरोहित्यात त्यांनी बरंच पाहिलं होतं, पण उपासाची अशी भागीदारी नव्हती पाहिली. शेवटी त्यांनी तोडगा काढला: ज्याचा उपास त्याने कुमारच्या हाताला हात लावायचा, मग देवाला काय ते समजेल. त्यामुळे कुमार मध्ये बसला आणि एका हाताला वडील, एका हाताला आई, आणि खास डोंबिवलीहून आलेले मोरूकाका खांद्याला, असे लटकले. कुमारने आजवर उचललेल्या वजनांत हे सर्वांत हलणारं वजन होतं.

मग पंगत बसली. वालाचं बिरडं, भात, भाकरी, शिरा. इश्तियाक उस्तादही खजुराचा डबा घेऊन आले होते. आक्का स्वतः त्यांना वाढायला गेली.

"तुमीच न्हवं, आमच्या पोराला उपाशीपोटी लोखंड उचलायला लावता?"

"अम्मा," उस्ताद नम्रपणे म्हणाले, "लोखंड मैं उठवाता हूँ. भूखा आप भेजते हो."

आक्काने पळी हवेतच धरली. मग ती हसली, इतकी की तिला खांबाला धरावं लागलं, आणि उस्तादांच्या पानात शिऱ्याचा डोंगर पडला. ते नको नको म्हणत होते. त्या घरात नको हा शब्द कोणीच ऐकत नसे.

कुमार जेवला. आधी हळू, मग मन लावून. लोक आपलं जेवण विसरून बघत होते. गुणाबाई जाताना आपला मंगळवार घेऊन गेल्या. चेहरा जरा पडला होता, पण सोबत शिऱ्याचा डबा होता.

रविवारी सगळं घर टेम्पोने कोनला गेलं. शाळेच्या मैदानात मांडव होता. कोन आक्काचं सासर. नवरा गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि थेट पहिल्या रांगेत, पाहुण्यांसाठी राखलेल्या खुर्चीत बसली. तिला उठवायला एक कार्यकर्ता आला आणि तसाच परत गेला.

कुमारचं नाव पुकारलं. सकाळी त्याने चार अंडी, पाच भाकऱ्या आणि उस्तादांचे खजूर खाल्ले होते. तो बारपाशी आला, वाकला, बोटं आवळली. बार जमिनीवरून सुटला. नडगीला घासत गुडघ्यापर्यंत आला. इथे नेहमी काजवे यायचे. कुमारने सवयीने थोडी वाट पाहिली. काजवे आले नाहीत. मांडवातलं सगळं स्वच्छ दिसत होतं: रीमाचे मिटलेले डोळे, वडिलांचा उघडा जबडा, उस्तादांची आवळलेली मूठ. मग तो ताठ उभा राहिला. आजवर कधी न उचललेलं वजन त्याच्या हातांत होतं आणि हातांना त्याची काही तक्रार नव्हती.

पंचाने खूण केल्याशिवाय बार ठेवायचा नसतो. पंच सावकाश माणूस होता. कुमार उभाच.

"ठेव रं खाली आता!" आक्का खुर्चीतून उठून ओरडली. तो आवाज रस्त्यापलीकडेही गेला असावा, कारण बाहेर एक रिक्षा थांबली. "दिसलं सगल्यांना! ठेव!"

पंचाने घाईघाईने खूण केली.

आपल्या वजनगटात कुमार तिसरा आला. गटात तिघे होते. परतताना टेम्पोत मोरूकाकांनी हा मुद्दा काढून पाहिला. "पैल्या तिघांत आला," आक्का म्हणाली, आणि विषय संपला.

सोमवारी सकाळी कुमार ड्युटीला निघाला. सवयीने त्याने काळा चहा ओतून घेतला आणि उभ्यानेच प्यायला. पायात बूट घालतोय तोच आतून हाक आली.

"भाकरी कोन खानार? तुझा बाप?"

ताटात भाकरी होती, वर तूप, बाजूला गूळ. चुलीशी आक्का होती. सोमवार असून चुलीशी आक्काच होती. कुमार निमूट खाली बसला आणि जेवू लागला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आक्का, डोकं कसं हाय?"

"डोक्याला काय धाड भरलीय?" आक्का म्हणाली. "माझा सोमवार हाय."

तिने हात धुतले. फळीवरून बापाचा पितळी तांब्या काढला, राखेने घासला, भरला आणि बाहेर ओट्यावर गेली. समोर, जिथे कधी भात डोलायचं, तिथे गोडाऊनचं निळं छप्पर उन्हात चमकत होतं आणि ट्रक रांगेत उभे होते. आक्का पाठ ताठ करून बसली. तांब्या खाली ठेवला. मग तो थोडा पलीकडे सरकवला, स्वतःही थोडी सरकली, आणि तांब्याच्या पलीकडे एका माणसापुरती जागा झाली.